न भेटलेल्या मोठ्या मॅडम

डॉ. अनिता अवचट यांना मी कधी पाहिले नाही. १० फेब्रुवारी १९९७ रोजी कर्करोगाने त्या गेल्या, तेव्हा मी उत्रोलीत गुरुजी म्हणून नमस्कार घेत होतो आणि संध्याकाळी भाताच्या पेंढ्यात क्वार्टर दडवत होतो. त्यांची खरी ओळख झाली ती सहा वर्षांनी, येरवड्याच्या मुक्तांगणात दाखल झाल्यावर. तिथली जुनी माणसे त्यांना मोठ्या मॅडम म्हणत आणि त्या आत्ताच शेजारच्या खोलीत गेल्या असाव्यात, अशा थाटात त्यांच्याविषयी बोलत.

अनिल अवचटांच्या वाचकांना त्या सुनंदा म्हणून ठाऊक आहेत. दोघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातले. नवऱ्याने डॉक्टरकी सोडून लिहायचे ठरवले, तेव्हा सरकारी नोकरी करून घर चालवण्याचा भार बाईंनी उचलला. हेच उलट घडले असते, तर आपल्याकडे त्याची कोणी दखलही घेतली नसती. असो.

त्या मनोविकारतज्ज्ञ, नोकरी येरवड्याच्या मनोरुग्णालयात. ऐंशीच्या दशकात गर्दने शहरांतली तरुण पोरे पोखरायला सुरुवात केली. अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक मदत पुढे केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झाले. लेख नवऱ्याचे, देणगी देशपांड्यांची. पण रोज सकाळी त्या थरथरणाऱ्या, खोटे बोलणाऱ्या पोरांसमोर बसायचे कोणी? ते बाईंनी केले. पुढे गर्दवाल्यांपेक्षा आम्ही दारूवालेच जास्त येऊ लागलो.

त्यांच्या रीतीत मारझोड नव्हती. व्यसनी माणूस नालायक नसून आजारी आहे, हे धरून सगळे चाले. जे बरे झाले, त्यांतल्याच काहींना त्यांनी समुपदेशनाच्या कामाला लावले. रुग्णांच्या बायकांसाठी सहचरी हा गट झाला, कारण नवरा सुधारेपर्यंत त्या बाईने कोणाशी बोलायचे हा प्रश्न उरतोच. उपचार पस्तीस दिवसांचा, आणि त्यानंतर फॉलोअप. मला वाटते, बाईंची खरी नजर या शेवटच्या गोष्टीत होती. पस्तीस दिवस कोणीही काढतो. छत्तिसाव्या दिवशी एस.टी.तून उतरल्यावर काय?

माझे घोडे तिथेच अडले. दर आठवड्याला कुठल्या तरी मीटिंगला बसायचे, असे सांगून मला घरी पाठवले होते. भोर आम्हाला लागूनच. पण भोरमध्ये मी वर्गात छड्या मारलेली अर्धी पिढी फिरत होती. तिच्यासमोर उभे राहून मी दारुडा आहे, असे म्हणायचे? त्यापेक्षा लांबच्या एका ठिकाणी गेलो. तिथे एका गृहस्थांनी तासभर नीतीचे प्रवचन दिले. दुसऱ्या कोणाला तोंड उघडता आले नाही. परत येताना मी प्यालो. दोष त्यांचा नव्हे, पण जागा माझी नव्हती.

मोठ्या मॅडमच्या आधी पन्नास वर्षे, १९३५ साली, बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा दलाल धंदा बुडवून अ‍ॅक्रन गावी एका हॉटेलात उभा होता. जवळच बार होता. त्याने फोन फिरवत फिरवत बोलायला दुसरा दारुडा शोधला. त्याला भेटले डॉ. बॉब स्मिथ, आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभे राहिले. विल्सनने उपदेशक शोधला नव्हता, हे मला फार उशिरा उमगले.

मग पुन्हा येरवडा गाठले. भोरहून कापूरहोळ, कात्रज, स्वारगेट, पुढे पीएमटी. एका मीटिंगसाठी सगळा दिवस. अंतर जास्त म्हणूनच ते मला सोयीचे वाटत होते. मागच्या रांगेत जाऊन बसलो, शेजारी पाहिले, तर माझ्याच वर्गातल्या एका मुलाचा बाप! मांडीवर कापडी पिशवी. घरी त्याने मार्केट यार्डात जातो म्हणून सांगितले होते; मी शिक्षण खात्याचे काम सांगितले होते. दोघेही फरशी मोजत बसलो. त्याची पाळी आली तेव्हा मुलाची फी कशी प्यायली, ते त्याने माझ्यादेखत सांगितले. ती फी वेळेवर आली नाही म्हणून त्या मुलाला मी वर्गाबाहेर उभे केले होते. माझी पाळी आल्यावर मी तेच सांगितले.

परतीच्या एस.टी.त खेड शिवापूरपर्यंत आम्ही गप्प होतो. मग त्याने विचारले, रात्री झोप लागते का. मी नाही म्हणालो. कापूरहोळ येईस्तोवर झोपेवरच बोलत राहिलो.

पुढच्या खेपेला तो माझ्याआधीच स्टँडवर येऊन उभा होता.