डॉ. चार्ल्स ब्रेंटन हगिन्स

रणांगणावर शत्रूस जिंकणाऱ्या वीरांचीं चरित्रें आपण आवडीनें वाचतों. परंतु रोगरूपी शत्रूशीं प्रयोगशाळेच्या चार भिंतींआड ज्यांनीं आयुष्यभर झुंज दिली, त्यांचीं नांवेंहि पुष्कळांस ठाऊक नसतात. अशाच एका वीराची ही हकीकत आहे.

चार्ल्स ब्रेंटन हगिन्स यांचा जन्म २२ सप्टेंबर १९०१ रोजीं कॅनडा देशाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतांतील हॅलिफॅक्स या बंदरीं झाला. त्यांचे वडील औषधविक्रेते होते. चार्ल्स लहानपणापासूनच मोठे हुशार. १९२० सालीं, वयाचीं एकोणीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्यांनीं अकेडिया विद्यापीठाची पदवी मिळविली. पुढें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत वैद्यकाचा अभ्यास करून १९२४ सालीं ते डॉक्टर झाले. मिशिगन येथें शस्त्रक्रियेचे धडे घेतल्यावर १९२७ सालीं शिकागो विद्यापीठाच्या नव्या वैद्यकीय विद्यालयांत त्यांची नेमणूक झाली. तेथें मूत्रमार्गाच्या रोगांची शाखा त्यांच्याकडे सोंपविण्यांत आली. या शाखेचें विशेष शिक्षण त्यांस मिळालेलें नव्हतें. दुसरा एखादा कुरकुरत बसला असता. हगिन्स यांनीं ग्रंथ उघडले व ते अभ्यासास लागले. न मागतां पदरीं पडलेलें हेंच काम पुढें त्यांच्या कीर्तीचें कारण झालें.

पुरुषाच्या मूत्राशयाच्या खालीं, मूत्रमार्गास वेढून, अक्रोडाएवढी एक ग्रंथि असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. उतारवयांत ती पुष्कळांची वाढते. ती वाढ बहुधा साधी असते; पण कित्येकांस तेथें कर्करोग होतो, आणि तो पसरला म्हणजे हाडांत शिरतो. त्या काळीं असा रोगी म्हणजे मृत्यूच्या दारीं उभा राहिलेला मनुष्य. कंबरेच्या व पाठीच्या असह्य वेदनांनीं तो अंथरुणास खिळे, आणि गुंगीच्या औषधावांचून डॉक्टरांजवळ त्यास देण्यासारखें फारसें कांहीं नसे.

हगिन्स यांनीं आरंभ रोगापासून केला नाहीं. निरोगी ग्रंथि आपलें काम कसें करते, हें त्यांस आधीं जाणून घ्यावयाचें होतें. मनुष्याप्रमाणें कुत्र्याचीहि ही ग्रंथि म्हातारपणीं आपोआप वाढते. म्हणून त्यांनीं कुत्र्यांवर प्रयोग आरंभिले. ग्रंथींतून झरणारा द्रव वेगळा गोळा करण्याची युक्ति त्यांनीं शोधून काढली व त्याचें रोज मोजमाप चालविलें. कुत्र्याच्या अंडग्रंथि काढून टाकल्या कीं हा द्रव आटे व प्रोस्टेट आकसून जाई. अंडग्रंथींत उत्पन्न होणारा टेस्टोस्टेरोन नांवाचा हार्मोन टोंचला कीं द्रव पुन्हां वाहूं लागे. स्त्रीशरीरांतील हार्मोन दिला कीं तो पुन्हां थांबे. कांहीं म्हाताऱ्या कुत्र्यांच्या ग्रंथींत गांठी निघत व त्यामुळें प्रयोगाचें मोजमाप बिघडे. परंतु या अडचणींतच त्यांस मार्ग दिसला. हार्मोन बंद होतांच त्या गांठीहि आकसत होत्या! मग मनुष्याचा कर्करोग कां आकसूं नये?

कर्करोगाची पेशी म्हणजे शरीराचें राज्य झुगारून देणारी बंडखोर असून तिच्यावर शरीराच्या कोणत्याहि नियमाची सत्ता चालत नाहीं, अशी तेव्हां विद्वानांची सर्वसाधारण समजूत होती. हगिन्स यांच्या मनांत निराळाच विचार आला. बंडखोरांसहि दाणागोटा लागतो, आणि किल्ल्याची रसद तोडली म्हणजे आंतील शिबंदी हतबल होते.

हा विचार पारखून पाहण्यास साधनहि त्याच सुमारास हातीं आलें. हा रोग शरीरांत पसरला म्हणजे ॲसिड फॉस्फटेज नांवाचें द्रव्य रक्तांत वाढतें, असें न्यूयॉर्क येथील संशोधकांस १९३८ सालीं आढळलें होतें. हगिन्स व त्यांचे तरुण सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनीं हाडांपर्यंत रोग पोंचलेल्या आठ रोग्यांवर उपचार केले. कांहींच्या अंडग्रंथि काढल्या, कांहींस स्त्री-हार्मोनासारखीं औषधें टोंचलीं, आणि रक्तांतील हें द्रव्य वारंवार तपासलें. तें उतरूं लागलें. पुरुष-हार्मोन टोंचतांच तें पुन्हां चढलें. तर्क खरा ठरला! ज्या दिवशीं ही खात्री पटली, त्या रात्रीं सुमारें एक मैल चालून घरीं जातांना हगिन्स यांची छाती इतकी धडधडूं लागली कीं, त्यांस वाटेंत दोन-तीन वेळां खालीं बसावें लागलें, असें ते पुढें सांगत. हें संशोधन १९४१ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं त्यांनीं एकवीस रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील बहुतेकांस आराम पडला. वेदना थांबल्या, भूक लागूं लागली, अंथरुणास खिळलेलीं माणसें हिंडूं-फिरूं लागलीं.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. पसरलेला रोग या उपचारानें मुळासकट जात नाहीं. तो कांहीं काळ, कित्येकांत पुष्कळ वर्षें, दबून राहतो आणि बहुधा पुन्हां डोकें वर काढतो. हगिन्स यांनीं हें कधीं झांकून ठेविलें नाहीं. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतूनहि थोडे पुरुष-हार्मोन निघतात, हें जाणून त्यांनीं कांहीं रोग्यांच्या त्याहि ग्रंथि काढून पाहिल्या, व ही हकीकत १९४५ सालीं प्रसिद्ध केली. परंतु त्या ग्रंथींवांचून जगण्यास अवश्य तें औषध तेव्हां हातीं नव्हतें. ते रोगी फार दिवस जगले नाहींत. कॉर्टिसोन उपलब्ध झाल्यावर १९५१ च्या सुमारास हीच शस्त्रक्रिया सुरक्षित झाली, आणि स्तनाच्या कर्करोगाच्या कित्येक स्त्रियांस तिनें आराम दिला.

१९६६ सालीं, पहिल्या शोधानंतर पंचवीस वर्षांनीं, हगिन्स यांस नोबेल पारितोषिक मिळालें. कर्करोगजनक विषाणूचा शोध १९११ सालीं लावणारे पेटन रौस हे त्या सन्मानाचे दुसरे वांटेकरी होते.

पुढें या उपचाराचें रूप बदललें. अंडग्रंथींस काम करण्याची आज्ञा मेंदूंतून एका हार्मोनाच्या द्वारें सुटते. त्याची घडण १९७१ सालीं उलगडली, व त्यावरून तयार केलेल्या इंजेक्शनांमुळें शस्त्रक्रियेवांचून पुरुष-हार्मोन बंद करतां येऊं लागला. दबलेला रोग पुन्हां उसळतो, तेव्हांहि तो बहुधा त्याच हार्मोनावर जगत असतो, हेंहि कळून आलें. तो उरलासुरला पुरवठा तोडणारीं औषधें २०११ नंतर वापरांत आलीं. उपचारास किंमत पडतेच. अंगाची लाही होणें, हाडें ठिसूळ होणें, थकवा येणें हे त्याचे त्रास आहेत, म्हणून तो डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावा लागतो.

हगिन्स हे पारितोषिकानंतरहि प्रयोगशाळेंत स्वतःच्या हातांनीं काम करीत राहिले. ज्या अकेडिया विद्यापीठांत ते शिकले, त्याचे कुलपति म्हणून १९७२ ते १९७९ पर्यंत त्यांनीं सेवा केली. १२ जानेवारी १९९७ रोजीं शिकागो येथें, वयाच्या ९५ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून घेण्यासारखा धडा कोणता? नेमून दिलेलें काम आवडीचें नसलें तरी तें मनापासून करावें, आणि प्रयोग बिघडला तर त्रागा न करतां तो कां बिघडला हें पाहावें. पालकांसहि एक विनंति आहे. लघवीस अडथळा होणें, रात्रीं वारंवार उठावें लागणें, लघवींतून रक्त जाणें यांचें कारण पुष्कळदां साधेंच असतें; तथापि म्हातारपणाचा भोग समजून वडीलधाऱ्यांनीं तीं लक्षणें संकोचानें लपवूं नयेत, डॉक्टरांस दाखवावीं. ज्या दुखण्याचें नांव काढण्यास माणसें लाजत, त्याच दुखण्याकडे हगिन्स यांनीं सारें लक्ष दिलें, म्हणूनच देशोदेशींच्या असंख्य घरांतील वृद्धांस वेदनेंतून सुटका मिळाली.