तुर्रमखान नेमके कोण होते? क्रांती चौकातल्या काळ्या चबुतऱ्याशी त्यांचं नातं काय?

गल्लीत कुणी जास्तच रुबाब करू लागला की त्याला हमखास ऐकवलं जातं, तू काय स्वतःला तुर्रमखान समजतोस का? हा तुर्रमखान कथेतला नाही. तुर्रेबाज खान नावाचा माणूस १८५७ मध्ये हैदराबादेत होता, त्याने इंग्रज रेसिडेन्सीवर हल्ला केला होता आणि त्याच्याच नावावरून हा शब्द रूढ झाला, असं मानलं जातं. या हल्ल्याचं निमित्त मात्र आपल्या शहरातल्या एका बंडाशी जोडलेलं आहे.

मुकुंदवाडीहून जालना रोडने शहरात निघालं की सिडको, सेव्हन हिल, आकाशवाणी, मोंढा नाका करत क्रांती चौक येतो. सगळ्यांची नजर जाते ती छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याकडे. याच परिसरातला काळा चबुतरा मात्र वाहतुकीच्या गर्दीत सहसा लक्षात येत नाही. १८५७ च्या बंडातल्या शिपायांना इथे मृत्युदंड दिला गेला, असं शहर पिढ्यानपिढ्या सांगत आलं आहे. चौकाच्या नावातली क्रांतीही तीच.

औरंगाबादेत काय घडलं?

तेव्हा औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिन्जंटची फौज असे. नाव हैदराबादचं, खर्च निजामाचा, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा. याच फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ च्या तहात निजामाला वऱ्हाड, धाराशिवचा भाग आणि रायचूर दोआब कंपनीच्या हवाली करावा लागला होता.

मे १८५७ मध्ये मेरठ आणि दिल्ली पेटली. जूनमध्ये मोमिनाबादहून, म्हणजे आजच्या अंबाजोगाईहून, कंटिन्जंटचा पहिला रिसाला औरंगाबादेत आला. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, ही बातमी स्वारांमध्ये पसरली आणि त्यांनी जायला नकार दिला. पुण्याहून निघालेला जनरल वुडबर्न यांचा ताफा तोफांसह इकडे वळवण्यात आला. स्वारांना घोड्यांशिवाय परेडला उभं करून बंडातल्या माणसांची नावं पुकारली जाऊ लागली, तेव्हा मीर फिदा अली यांनी कॅप्टन ॲबट यांच्यावर पिस्तूल झाडलं. नेम चुकला. तातडीने लष्करी न्यायालय बसवून त्यांना फाशी देण्यात आली. इतर काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं.

मग तुर्रेबाज खान कुठून आले?

याच पहिल्या रिसाल्यातले जमादार चिदा खान. दिल्लीला जायचं नाही म्हणून ते पंधरा साथीदारांसह हैदराबादेत पोहोचले. निजाम आपल्याला आसरा देईल, ही त्यांची आशा. पण गादीवर नुकतेच आलेले निजाम अफजलुद्दौला आणि दिवाण सालारजंग यांनी इंग्रजांची बाजू धरली होती. सालारजंग यांनी चिदा खान आणि साथीदारांना पकडून थेट रेसिडेन्सीच्या हवाली केलं.

शहरात संताप उसळला. १७ जुलै १८५७, शुक्रवार. मक्का मशिदीत जमलेल्या लोकांमधून कैद्यांना सोडवा, अशी मागणी उठली आणि संध्याकाळी सुमारे पाचशे रोहिले व इतर लोक रेसिडेन्सीवर चालून गेले. पुढे होते मौलवी अल्लाउद्दीन आणि बेगम बाजारचे तुर्रेबाज खान.

लढाई बरोबरीची नव्हतीच. सालारजंग यांनी रेसिडेंट डेव्हिडसन यांना आधीच सावध केलं होतं, त्यामुळे तोफा तयार होत्या. बंडवाल्यांनी रेसिडेन्सीच्या पश्चिमेकडच्या भिंतीसमोरची अब्बन साहेब आणि जयगोपाल दास या सावकारांची घरं ताब्यात घेतली, बागेचं फाटक पाडलं आणि तिथून गोळीबार सुरू ठेवला. समोरून मद्रास तोफखान्याचा मारा. रात्रभर हे चाललं. पहाटे उरलेले लोक माघारी फिरले. चिदा खान काही सुटले नाहीत.

पकडले गेले, पळाले, मारले गेले

तुर्रेबाज खान काही दिवसांतच पकडले गेले. मौलवी कुठे आहेत, हे त्यांनी चौकशीत सांगितलं नाही. शिक्षा झाली जन्मठेपेची, काळ्या पाण्याची. पण अंदमानला पाठवण्याआधीच, १८ जानेवारी १८५९ रोजी, ते कैदेतून निसटले. पहाऱ्यावरच्या माणसांची साथ असल्याशिवाय हे जमणं कठीणच होतं. त्यांच्यावर पाच हजार रुपयांचं इनाम लावण्यात आलं. त्या काळात ही रक्कम केवढी मोठी होती, हे वेगळं सांगायला नको.

सुटका सहा दिवसांची ठरली. २४ जानेवारीला हैदराबादच्या उत्तरेला तूप्रानच्या जंगलात कुर्बान अली या तालुकदाराच्या माणसांनी त्यांना गाठून ठार केलं. मृतदेह शहरात आणून रेसिडेन्सीजवळ लोकांना दिसेल असा साखळदंडाने टांगण्यात आला. पाहणाऱ्याला धाक बसावा, हा हेतू. पण लोकांच्या बोलण्यात तुर्रमखान राहिला तो बेडर माणूस म्हणून. कुणाच्या बढाईला टोमणा मारताना आजही हेच नाव काढलं जातं.

बंड मोडण्याचं बक्षीस

बंडाच्या काळातल्या निष्ठेबद्दल इंग्रजांनी १८६० मध्ये निजामाशी नवा तह केला. पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं. धाराशिवचा भाग आणि रायचूर दोआब परत मिळाले, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलं. मराठवाड्याच्या आजच्या नकाशात धाराशिव आहे, त्यामागे हा व्यवहारही आहे. शाळेच्या पुस्तकात १८५७ शिकताना मेरठ, झाशी, कानपूर पाठ होतात, ही बाजू सहसा समोर येत नाही.

मौलवी अल्लाउद्दीन पुढे पकडले गेले. १८५९ मध्ये त्यांची रवानगी अंदमानात झाली आणि तिथेच, कैदेत, त्यांचा मृत्यू झाला.

हैदराबादेत कोठी भागात, जुन्या रेसिडेन्सीच्या परिसरात, तुर्रेबाज खान यांचं स्मारक उभं आहे. रेसिडेन्सीच्या वास्तूत नंतर महिला महाविद्यालय भरू लागलं आणि आता तिथे महिला विद्यापीठ आहे. ज्या रिसाल्यातल्या माणसांसाठी ते लढले, त्याच्या स्वारांची खूण मात्र तिथे नाही. ती आहे क्रांती चौकात, काळ्या चबुतऱ्यावर.