डिस्चार्ज कार्डावरचं ‘ॲपगार’ म्हणजे कोण? बाळाच्या पहिल्या मिनिटाचा हिशेब मांडणाऱ्या डॉक्टरीणबाई

अडलेलं बाळंतपण झालं, सिझर झालं की दवाखान्यातून मिळणाऱ्या कार्डावर बाळाचं वजन असतं, जन्माची वेळ असते आणि बऱ्याचदा ॲपगार असा एक शब्द असतो. पुढे दोन आकडे. कुणाचे ७ आणि ९, कुणाचे ३ आणि ७. बाळ काचेच्या पेटीत असेल तर डॉक्टर-नर्सच्या बोलण्यात हेच आकडे येतात. बाहेर बाकावर बसलेल्या बापाला, आजीला वाटतं, एखाद्या मशिनचं नाव असेल.

ते एका बाईचं आडनाव आहे. व्हर्जिनिया ॲपगार. त्यांना जाऊन पन्नास वर्षं होऊन गेली, पण आजही जगभर लाखो बाळांच्या कागदावर पहिल्या पाच मिनिटांत त्यांचं नाव लिहिलं जातं.

कर्ज काढून डॉक्टर

व्हर्जिनियाचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, वेस्टफील्ड गावी झाला. वडील विम्याच्या धंद्यात होते आणि घरीच रेडिओचे, दुर्बिणीचे प्रयोग करायचे. एक भाऊ लहानपणीच क्षयाने गेला, दुसरा कायम आजारी. घरात दवाखान्याची ये-जा होतीच. पोरीने डॉक्टर व्हायचं ठरवलं.

घरची परिस्थिती बेताची होती. कॉलेजात त्यांनी पडेल ते काम करून खर्च भागवला. प्रयोगशाळेसाठी मोकाट मांजरं पकडून आणण्याचं कामसुद्धा केलं. १९२९ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरकीला गेल्या. त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि अमेरिकेत मंदी आली. तरी कर्ज काढून शिकल्या आणि १९३३ मध्ये वर्गात चौथ्या नंबराने पास झाल्या. त्या वर्गात मुली मोजक्याच होत्या.

त्यांना सर्जन व्हायचं होतं. हात चांगला होता, सुरुवातही झाली होती. पण विभागप्रमुख ॲलन व्हिपल यांनी त्यांना त्या वाटेने न जाण्याचा सल्ला दिला. मंदीच्या दिवसांत बाई सर्जनचं पोट भरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यापेक्षा भूल देण्याचं शास्त्र शिका, तिथे हुशार माणसांची गरज आहे, असं त्यांनी सुचवलं.

तेव्हा भूल देणं हे बहुतेक ठिकाणी नर्सचं काम समजलं जायचं. सर्जन लोक त्याला फारशी किंमत देत नसत. ॲपगार बाई आधी नर्सकडूनच ते शिकल्या, मग इतर ठिकाणी जाऊन मोठ्या जाणकारांकडे शिकल्या. १९३८ मध्ये परत येऊन कोलंबियात भूलविभागाच्या प्रमुख झाल्या. माणसं कमी, पगार कमी, काम डोंगराएवढं. १९४९ मध्ये त्या तिथल्या वैद्यकीय कॉलेजच्या पहिल्या महिला पूर्ण प्राध्यापक झाल्या. पण भूलशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला तेव्हा त्याचं प्रमुखपद एका पुरुष डॉक्टरांकडे गेलं. अकरा वर्षं ज्यांनी गाडा ओढला, त्या बाजूला राहिल्या. मग बाईंनी आपलं सगळं लक्ष बाळंतपणाच्या खोलीकडे वळवलं.

बाळाकडे बघतंय कोण?

त्या काळी अमेरिकेत दवाखान्यातल्या बाळंतपणात आईला भूल देण्याची पद्धत होती. भूल देणारा डॉक्टर आईच्या उशाशी उभा असतो. तिथून बाईंना एक गोष्ट दिसायला लागली. डॉक्टर आईचे टाके, आईचा रक्तस्राव यात गुंतलेले. बाळ नर्सच्या हातात. ते नीट रडलं तर ठीक. निळं पडलं, लुळं राहिलं तर त्याचं काय करायचं, याचा ठरलेला नियमच नव्हता. अशक्त बाळ जगणार नाही असं धरून चालायचे.

लहान मुलांचे मृत्यू त्या काळात एकूण कमी होत होते, पण जन्मल्यापासून पहिल्या चोवीस तासांतले मृत्यू काही हटत नव्हते.

आपल्या गोठ्यात गाय व्याली की आपण काय करतो? आधी वासराचं नाक-तोंड पुसतो, श्वास बघतो, गोणपाटाने अंग चोळतो. वासरू हलत नसेल तर कुणी गप्प उभं राहत नाही. एवढ्या मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात माणसाच्या पिल्लाकडे बघायची अशी शिस्त नव्हती.

गोष्ट अशी सांगतात की, एका सकाळी दवाखान्याच्या कँटीनमध्ये नाश्ता करताना एका विद्यार्थ्याने बाईंना विचारलं, नव्या बाळाची तब्येत पटकन ओळखायची कशी? बाईंनी हाताला लागलेल्या कागदावर पाच गोष्टी लिहून दिल्या आणि उठून थेट बाळंतपणाच्या खोलीत जाऊन करून बघायला लागल्या. १९५२ मध्ये त्यांनी ही पद्धत डॉक्टरांच्या परिषदेत मांडली आणि १९५३ मध्ये ती छापून आली.

पाच गोष्टी, दहा गुण

प्रत्येक गोष्टीला ०, १ किंवा २ गुण.

१. हृदयाचे ठोके : नसतील तर ०, मिनिटाला १०० च्या आत १, १०० च्या वर २.
२. श्वास : नसेल तर ०, मंद किंवा अडखळत १, जोरात रडलं तर २.
३. अंगातला जोर : लुळं ०, हातपाय थोडे दुमडलेले १, चांगलं हलवतंय २.
४. डिवचल्यावर प्रतिसाद : काहीच नाही ०, तोंड वाकडं केलं १, रडलं किंवा शिंकलं २.
५. रंग : सगळं निळं-फिकट ०, अंग ठीक पण हातपाय निळे १, सगळीकडे गुलाबी २. सावळ्या बाळाचे ओठ आणि जीभ बघतात.

बाईंनी एका मिनिटाला मोजायला सांगितलं होतं. पाचव्या मिनिटाचं मोजमाप नंतर जोडलं गेलं. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. पण आकडा लिहायचा म्हटलं की बाळाकडे बघावंच लागतं. आणि ३ लिहिलं की तो ७ करायला हातपाय हलवावे लागतात. ऊब द्या, नाक-तोंड मोकळं करा, श्वास द्या. सोडून दिलेली बाळं वाचायला लागली.

बाई तिथेच थांबल्या नाहीत. स्टॅनली जेम्स आणि डंकन होलाडे या डॉक्टरांबरोबर त्यांनी बाळांचं रक्त तपासलं. कमी गुणांच्या बाळांच्या रक्तात ऑक्सिजन कमी आणि आम्ल जास्त निघालं. आईला दिला जाणारा सायक्लोप्रोपेन हा भुलीचा वायू बाळाला मंद करतो, हेही दिसलं. बाईंचा तो आवडता वायू होता. तरी पुरावा बघितल्यावर त्यांनी बाळंतपणात तो वापरणं सोडलं. नाळेच्या रक्तवाहिनीत बारीक नळी घालण्याची जी रीत आज अतिदक्षता विभागात वापरतात, ती सुरुवातीला करणाऱ्यांत त्या होत्या.

पन्नाशीत पुन्हा विद्यार्थी

१९५९ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि मार्च ऑफ डाइम्स या संस्थेत गेल्या. जन्मजात व्यंग असलेलं मूल लोक लपवायचे. त्यावर उघड बोला, हे सांगत त्या देशभर फिरल्या.

त्यांनी लग्न केलं नाही. तंतुवाद्यं स्वतः बनवायच्या आणि वाजवायच्या. दवाखान्यातल्या फोनबूथची लाकडी फळी वाद्यासाठी बरी दिसली म्हणून मैत्रिणीच्या मदतीने ती काढून नेली आणि जागी दुसरी बसवली, हा किस्सा प्रसिद्ध आहे. पन्नाशी उलटल्यावर विमान चालवायला शिकल्या. कुणाचा श्वास अडला तर लागेल म्हणून पर्समध्ये चाकू आणि श्वासाची नळी कायम असायची. ७ ऑगस्ट १९७४ रोजी, ६५ व्या वर्षी, ज्या दवाखान्यात आयुष्य काढलं तिथेच त्यांचं निधन झालं. १९९४ मध्ये अमेरिकेने त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढलं.

आपण काय लक्षात ठेवायचं?

हे आकडे म्हणजे शाळेचे मार्क नाहीत. पहिल्या मिनिटाला ४ असलेलं बाळ पाचव्या मिनिटाला ८ वर आलं, तर ती चांगली खूण आहे. एका कमी आकड्यावरून पोर पुढे मंद निघेल असं ठरत नाही, आणि त्यावरून सुनेला बोल लावणं तर साफ चुकीचं. उपचारही आकड्यासाठी थांबत नाहीत. बाळ श्वास घेत नसेल तर मदत लगेच सुरू करतात.

बाळाला पेटीत ठेवलं असेल तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत घरी आणायची घाई करू नका. सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाचे उपचार मोफत असतात. घरी आल्यावर बाळ दूध ओढेना, अंग गार पडलं, श्वास फार जोरात चालू लागला, छाती आत ओढली जाऊ लागली, झटका आला किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले तर अंगारे-धुपारे करत बसू नका. आशाताईंना कळवा, १०२ किंवा १०८ ला फोन लावा आणि निघा.

आणि कार्ड हातात आलं की ॲपगारचे दोन आकडे बघा. जागा रिकामी असेल तर का, ते विचारा. विचारायचा आपल्याला हक्क आहे.