लांकडाची साक्ष

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांस वनस्पतिशास्त्राचा तास कंटाळवाणा वाटतो, त्यांनीं आर्थर कोहलर ह्यांचें चरित्र अवश्य वाचावें. इ. स. १८८५ सालीं अमेरिकेच्या विस्कॉन्सिन प्रांतांत त्यांचा जन्म झाला. १९११ सालीं मिशिगन विद्यापीठाची वनशास्त्रांतील पदवी घेऊन ते सरकारी वनखात्यांत शिरले, व १९१४ पासून मॅडिसन येथील प्रयोगशाळेंत लांकडाची परीक्षा हेंच त्यांचें जीवितकार्य झालें.

ता. १ मार्च १९३२ रोजीं रात्रीं, सुप्रसिद्ध वैमानिक लिंडबर्ग ह्यांचें लहान मूल न्यू जर्सी प्रांतांतील त्यांच्या घराच्या माडीवरून चोरीस गेलें. मे महिन्यांत त्याचें प्रेत सांपडलें. चोराची एक ओबडधोबड शिडी मागें राहिली होती. ती कोहलरांच्या स्वाधीन करण्यांत आली.

शिडीच्या कांहीं पट्ट्यांवर रंधायंत्राच्या एका सदोष पात्याच्या खुणा ठराविक अंतरानें उमटल्या होत्या. असें यंत्र कोठें आहे, ह्याची दीड हजारांवर कारखान्यांकडे चौकशी झाली. त्यावरून प्रथम दक्षिण कॅरोलिनांतील एक कारखाना, व नोव्हेंबर १९३३ मध्यें न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतील एक वखार सांपडली. सप्टेंबर १९३४ मध्यें खंडणीच्या नोटांवरून ब्राँक्समधीलच हाउप्टमन नांवाचा सुतार पकडला गेला. त्यानें त्याच वखारींतून लांकूड घेतलें होतें. त्याच्या माळ्यावरील एक फळी कापलेली आढळली. शिडीच्या एका पट्टीवरील खिळ्यांचीं चार भोंकें माळ्याच्या तुळयांवरील भोंकांशीं जुळलीं, आणि पट्टी व फळी ह्यांतील वार्षिक वलयेंहि एकमेकांशीं मिळालीं.

जानेवारी १९३५ मध्यें कोहलर साक्षीस उभे राहिले. लांकडाचा तज्ज्ञ म्हणून कोणी असूं शकतो, हेंच आरोपीच्या वकिलानें नाकारिलें. परंतु न्यायाधीशांनीं साक्ष ग्राह्य धरिली. कोहलरांनीं आरोपीचाच रंधा न्यायालयांत लांकडावर चालवून त्याच्या खुणा पंचांस दाखविल्या. हाउप्टमन दोषी ठरला व १९३६ सालीं त्यास देहान्त शासन झालें. आपण निर्दोष आहों, असें तो अखेरपर्यंत म्हणत होता. त्या निकालाविषयीं आजहि वाद होतात. कोहलर १९६७ सालीं वारले.

खोटी साक्ष देऊं नये, ही आज्ञा आम्ही सर्वांनीं लहानपणींच पाठ केलेली आहे. परंतु मनुष्याच्या जिवाचा प्रश्न असतां खरी साक्ष देण्यासहि केवढे श्रम व केवढी सावधगिरी लागते, हें आम्हांस ह्या चरित्रावरून कळतें.