विश्लेषण : डॉ. आंबेडकरांनी न्यूयॉर्कमध्ये जमवलेल्या दोन हजार जुन्या पुस्तकांचे काय झाले?

धारूर : धारूरच्या महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे नाव असते. ज्यांच्या नावाचे हे प्रमाणपत्र, त्यांच्या पुस्तकांबद्दल दरवर्षी 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरला मोबाइलवर भरपूर मेसेज फिरतात. त्यातले काही खरे असतात, काहींत दोन-तीन घटनांची सरमिसळ झालेली असते. बाबासाहेबांनी जुनी पुस्तके का घेतली, त्यासाठी पैसा कुठून आला आणि ती पुस्तके गेली कुठे?

सुरुवात उधारीपासून

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. पुढे कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. घरात पेन्शनशिवाय फारसे उत्पन्न नव्हते. तरी मुलाने एखादे पुस्तक मागितले की रामजी लग्न झालेल्या मुलींच्या घरी जात. कधी उसने पैसे आणत, तर कधी मुलीचा दागिना गहाण ठेवत.

चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा शिक्षक आणि लेखक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या नजरेस पडला. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, त्यातही केळुसकरांचाच हात होता. 1912 मध्ये बी.ए. झाले. 1913 च्या फेब्रुवारीत वडील गेले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.

जुनीच पुस्तके का?

पहिले कारण पैशाचे. बडोद्याची शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंड होती. त्यातूनच घरी रमाबाईंना पैसे पाठवायचे आणि स्वतःचा खर्चही भागवायचा. नवी कोरी पुस्तके घेणे परवडणारे नव्हते. चरित्रकार धनंजय कीर यांच्या नोंदीनुसार, भीमरावांनी न्यूयॉर्कमध्ये सुमारे 2000 जुनी पुस्तके विकत घेतली. तीन वर्षांचा हिशेब केला तर सरासरी रोज जवळपास दोन पुस्तके होतात. पोटाला चिमटा काढल्याशिवाय हा आकडा जमत नाही.

दुसरे कारण अभ्यासाच्या विषयाचे आहे आणि मेसेजमध्ये नेमके तेच सुटते. 1915 मध्ये एम.ए.साठी सादर केलेला त्यांचा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि जमाखर्चावर होता. काळ 1792 ते 1858. पीएच.डी.चे काम ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या अर्थव्यवस्थेवर होते. 1833 मध्ये पैशाचा सगळा कारभार केंद्राच्या हाती कसा गेला आणि 1871 पासून तो प्रांतांकडे थोडाथोडा कसा परत आला, याचा तो इतिहास. 1925 मध्ये तो पुस्तकरूपाने आला. लंडनमधला रुपयावरचा 1923 चा ग्रंथही एकोणिसाव्या शतकातील चलनाचा माग काढत 1893 मध्ये टांकसाळी चांदीसाठी बंद होण्यापर्यंत आणि त्याच्या परिणामांपर्यंत येतो.

थोडक्यात, त्यांना हवे होते ते एकोणिसाव्या शतकाचे कागद: पार्लमेंटच्या समित्यांचे अहवाल, कंपनीचे हिशेब, चलनावरचे वाद. असे ग्रंथ कोणी पुन्हा छापत नसे. ते एक तर मोठ्या ग्रंथालयात मिळायचे, नाही तर जुन्या पुस्तकांच्या बाजारात.

कंपनीच्या प्रबंधात त्यांनी काढलेला एक निष्कर्ष आजही वाचण्यासारखा आहे. 1858 मध्ये कंपनीचे राज्य संपले, पण कंपनीचे कर्ज संपले नाही. ते हिंदुस्थानच्या जनतेच्या माथी आले. चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जुन्या जमाखर्चातून हे मांडले होते.

(जाता जाता: रिझर्व्ह बँक थेट बाबासाहेबांच्या पुस्तकावरून स्थापन झाली, असेही मेसेज फिरतात. त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली होती आणि याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, एवढे पक्के आहे. त्यापुढचे दावे जपून वाचावेत.)

पुस्तके बुडाली की हरवली?

इथेच सर्वांत मोठा घोळ होतो, कारण नुकसान दोनदा झाले. न्यूयॉर्कमधली सुमारे 2000 पुस्तके त्यांनी हिंदुस्थानात नेण्यासाठी एका मित्राच्या हवाली केली होती. त्यांतली काहीच घरी पोहोचली.

दुसरी घटना 1917 ची. 1916 मध्ये ते न्यूयॉर्कहून लंडनला गेले, पण वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध सुरू होते. ते स्वतः एका बोटीने निघाले आणि सामान दुसऱ्या बोटीने पाठवले. सामानाची बोट टॉर्पेडोने बुडाली. ऑगस्टमध्ये ते मुंबईत उतरले ते सामानाविनाच.

यानंतरचा तपशील फार कमी लोकांना माहीत असतो. करारानुसार बडोद्यात नोकरी करायची होती, पण तिथे जायलाही पैसे नव्हते. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून सुमारे 600 रुपये मिळाले आणि त्या पैशांतून बडोद्याचा प्रवास झाला. ज्या बडोद्यासाठी हा खर्च केला, तिथे अस्पृश्य म्हणून त्यांना कोणी घर दिले नाही. पारशी सराईतूनही बाहेर काढण्यात आले.

पुन्हा जमवाजमव

1918 ते 1920 या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांची उसनवारी घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात शिरायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे, असा तिथला दिनक्रम होता.

तीसच्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले. ते बांधतानाच पुस्तकांच्या जागेचा विचार केला होता. तिथल्या संग्रहाची संख्या 50 हजारांच्या घरात सांगितली जाते. त्यांची चार मिनार नावाची आणखी एक इमारत होती. 1941 मध्ये कर्ज फेडण्यासाठी आणि पुस्तकांसाठी त्यांनी ती विकली. राजगृह मात्र ठेवले.

1946 मध्ये शूद्रांच्या इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी महात्मा फुले यांना अर्पण केला. फुले 1890 मध्ये गेले, म्हणजे बाबासाहेबांच्या जन्माच्या आदल्या वर्षी. दोघांची भेट शक्यच नव्हती. एकोणिसाव्या शतकातला हा गुरू त्यांना लिखाणातून आणि त्याने उभ्या केलेल्या चळवळीतून मिळाला.

मराठवाड्याशी संबंध काय?

त्या काळी धारूर, अंबाजोगाई, बीड हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता. 1934 मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला आले असता हौदाच्या पाण्याने हात-पाय धुतल्यावरून त्यांना अडवण्यात आले होते. पदवीपर्यंत शिकायचे तर मराठवाड्यातल्या मुलांना बहुधा हैदराबाद गाठावे लागे. गरीब घरातल्या मुलाला ते जमणे अवघडच.

1945 मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि आपल्या संग्रहातली बरीच पुस्तके त्यांनी या महाविद्यालयाला दिली. 1950 मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, संस्थेचे महाविद्यालय उघडले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. हेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. हा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे निधन झाले. कंपनीच्या जमाखर्चावरचा एम.ए.चा प्रबंध, प्रांतांच्या अर्थव्यवस्थेचा इतिहास आणि रुपयावरचा ग्रंथ, हे तिन्ही महाराष्ट्र शासनाने 1989 मध्ये त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात एकत्र छापले आहेत.