न्यायासनालाच प्रश्न विचारणाऱ्या ताराबाई

१८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा सुनावली. वैधव्यात झालेले मूल तिने लोकनिंदेच्या आणि बहिष्काराच्या भीतीने मारले, हा तिच्यावरचा आरोप होता आणि तो सिद्ध झाला होता. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यात असल्याने अपील मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. तेथे फाशी रद्द होऊन तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. न्यायालयापुरते प्रकरण तेथे संपले. वर्तमानपत्रांत मात्र ते सुरूच राहिले. पुण्याच्या 'पुणेवैभव' या सनातनी वळणाच्या पत्राने या निमित्ताने स्त्रियांच्या ढळत्या नीतीवर कोरडे ओढले. एका स्त्रीच्या गुन्ह्यावरून साऱ्या स्त्रीजातीला दोषी ठरविणारा हा लेख शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडातील एका स्त्रीला असह्य झाला. तिने लेखणी उचलली. ती स्त्री म्हणजे बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, त्यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास बुलडाण्याचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले हे गाव त्या काळी चिखली तालुक्यात मोडत होते. वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि पुढे बुलडाण्याला जिल्ह्याच्या कचेऱ्या आल्या. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. घराणे मराठा, शेतीवाडी असलेले. बापूजी महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे सभासद होते. त्याआधी १८७१ मध्ये सुशिक्षित देशबांधवांना उद्देशून त्यांनी एक छोटे पुस्तकही प्रसिद्ध केले होते. सरकारी कागदपत्रे, कायदे आणि हुकूम यांच्या सान्निध्यात वावरणारा हा गृहस्थ होता.

चार भावांत ताराबाई एकुलत्या एक. त्या परिसरात मुलींसाठी शाळा नव्हती. बापूजींनी मुलीला घरीच शिकविले. मराठीबरोबर संस्कृत आणि इंग्रजीचीही ओळख करून दिली. पुणे-मुंबईतसुद्धा मुलींच्या शिक्षणावरून वादळे उठत होती, त्या काळात वऱ्हाडातल्या एका मराठा घरातली मुलगी पोथ्या, नाटके, कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रे वाचत होती. लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच झाले, पण पती घरजावई म्हणून शिंद्यांच्या घरी आले. त्यामुळे सासुरवासातून त्यांची सुटका झाली. त्यांना मूलबाळ झाले नाही. पुस्तकाच्या प्रास्ताविकात मात्र त्यांनी स्वतःची ओळख मराठा घराण्याच्या चार भिंतींत कोंडलेली एक अजाण स्त्री अशीच करून दिली आहे. घराण्याच्या अब्रूपायी पाळल्या जाणाऱ्या पडद्याची जाच त्या ओळखून होत्या. त्यामुळेच ब्राह्मण विधवेचे दुःख त्यांना परक्या जातीचे वाटले नाही.

विजयालक्ष्मीचा खटला आज वाचताना त्यामागचा कायदा नीट समजून घ्यावा लागतो. १८६० चा भारतीय दंडविधान कायदा १८६२ पासून अमलात आला होता. त्यात खुनाला दोनच शिक्षा होत्या, फाशी किंवा जन्मठेप काळे पाणी. आपल्याच नवजात अर्भकाचा जीव घेणाऱ्या असहाय मातेसाठी वेगळे कलम नव्हते. इंग्लंडमध्येसुद्धा अशा मातेचा गुन्हा खुनाहून वेगळा मानणारा कायदा १९२२ मध्ये आला. उच्च न्यायालयाने तिची फाशी टाळली, तेव्हा कायद्याने हाती ठेवलेली दुसरी शिक्षा तेवढी त्यांनी दिली.

आणि त्या मुलाच्या बापाचे काय? याच दंडविधानातील व्यभिचाराचे कलम, ४९७ वे, फक्त दुसऱ्याच्या पत्नीशी नवऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला लागू होते. गुन्हा होत होता तो नवऱ्याच्या हक्काचा भंग म्हणून. विधवेला नवराच नसल्याने तिच्याशी संमतीने संबंध ठेवणारा पुरुष कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरतच नव्हता. समाजही त्याला जाब विचारीत नव्हता. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता मिळाली होती खरी, पण पुनर्विवाह करणाऱ्या विधवेला आधीच्या नवऱ्याच्या मालमत्तेवरील हक्क सोडावा लागे आणि जातीचा बहिष्कार वेगळाच. विधवेने लग्न करावे तर वाळीत पडावे, न करावे आणि दिवस गेले तर जीव द्यावा किंवा घ्यावा, अशी ही कोंडी होती. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याच कोंडीतून वाट काढण्यासाठी. विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल ठेवून जावे, पण त्याचा जीव घेऊ नये, अशी ती सोय होती.

ताराबाईंनी विजयालक्ष्मीला निर्दोष ठरविले नाही. अशा कृत्यांचे खापर सर्व स्त्रियांच्या डोक्यावर का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. जे दुर्गुण स्त्रियांचे म्हणून सांगितले जातात ते एकेक घेऊन त्या पुरुषांशी पडताळून पाहतात. साहस, कपट, चंचलपणा, मूर्खपणा, लोभ यांची अशी यादी त्या करतात आणि प्रत्येक वेळी पारडे कोणीकडे झुकते ते दाखवितात. फितुरी करून राज्ये कोणी बुडविली, लाच कोण खातो, खोटे दस्तऐवज कोण करतो, तुरुंग कोणाच्या भरतीने भरलेले असतात, असे प्रश्न त्या विचारतात. कचेरीत काम करणाऱ्या बापाच्या मुलीला न्यायालये आणि तुरुंगांत कोणाची वर्दळ असते, हे ठाऊक होते. सर्व दोष पुरुषांत असताना शिक्षा मात्र एका जातीला, ही गोष्ट त्यांच्या न्यायबुद्धीला पटत नव्हती.

पुस्तकाचा आवाका विधवेच्या प्रश्नापुरता राहत नाही. पतीच देव मानावा असे सांगणाऱ्या शास्त्रांना ताराबाई विचारतात की, देवाने मग देवासारखे वागायला नको का? सावित्री यमाच्या दारी गेली, पण बायकोसाठी यमाकडे गेलेला एखादा नवरा कोणी ऐकला आहे काय? पुराणांतल्या देवांच्या आणि ऋषींच्या वर्तनावर त्या बेधडक बोट ठेवतात. बायको मेली की दहाव्या-अकराव्या दिवशी दुसरीचा विचार करणारा पुरुष आणि जन्मभर कोपऱ्यात बसविलेली विधवा यांची तुलना करतात. विधवाविवाहाची बंदी केवळ ब्राह्मणांत न राहता इतर जातींतील प्रतिष्ठित घराण्यांतही शिरली आहे, हे त्या आपल्याच जातीतल्या लोकांना सुनावतात. इंग्रजी बूट-पाटलोण घालून सुधारक म्हणून मिरवणारे आणि घरात बायकोला मात्र जुन्या धर्माची आठवण करून देणारे बाबूही त्यांच्या तडाख्यातून सुटत नाहीत. 'मुक्तामाला', 'मनोरमा' यांसारख्या त्या काळच्या लोकप्रिय कादंबरी-नाटकांत स्त्रियांचे जे चित्रण होते त्याचाही त्या समाचार घेतात. भाषा घरगुती, म्हणींनी भरलेली, प्रसंगी तिखट. शास्त्रीपंडितांची किंवा वकिलांची भाषा त्यांनी वापरली नाही, पण युक्तिवाद वकिलाला साजेल असा मुद्देसूद आहे.

'स्त्रीपुरुष तुलना' पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. १८८२ हे वर्ष महाराष्ट्रातील स्त्रियांच्या दृष्टीने विलक्षण होते. याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. रमाबाई पुण्यात होत्या, सुधारकांच्या वर्तुळात होत्या. बुलडाण्याच्या ताराबाईंभोवती असे कोणतेही वर्तुळ नव्हते. त्यांच्या पुस्तकाचे स्वागत झाले ते टीकेने. एका बाईने पुरुषजातीवर असे तोंड टाकावे, हेच अनेकांना रुचले नाही. तिच्या मुद्द्यांना उत्तर देण्याऐवजी तिच्या मर्यादेची चर्चा झाली. विजयालक्ष्मीच्या बाबतीत जे घडले तेच थोड्या वेगळ्या रीतीने पुस्तकाच्याही वाट्याला आले.

बाजूने उभे राहिले ते महात्मा फुले. १८८५ मध्ये काढलेल्या 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा उल्लेख लेकीच्या मायेने केला, त्यांच्या पुस्तकाची पाठराखण केली आणि ते वाचण्याची शिफारस आपल्या सहकाऱ्यांना केली. त्याच वर्षी मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. बालपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला होता. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण अपिलानंतर खटला पुन्हा चालला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्ये तडजोड झाली, त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. ताराबाईंनी पुस्तकात मांडलेला प्रश्न तीनच वर्षांत मुंबईच्या उच्च न्यायालयात येऊन उभा राहिला होता.

या सर्व खटल्यांत एक गोष्ट समान होती. न्यायाधीश पुरुष, दोन्हीकडचे वकील पुरुष, कायदा करणारे पुरुष, निकालावर अग्रलेख लिहिणारेही पुरुष. न्यायालयात स्त्रीला जागा होती ती आरोपी, पक्षकार किंवा साक्षीदार म्हणून. आणि ही स्थिती ताराबाईंच्या हयातीत बदलली नाही. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, तरी वकिलीची सनद मिळण्यास त्यांना जवळजवळ तीस वर्षे थांबावे लागले. १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांचा अर्ज फेटाळला. वकिलीच्या कायद्यात व्यक्ती असा शब्द असला तरी त्यात स्त्री येत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. १९२१ मध्ये पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांच्या वाट्यालाही नकारच आला. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने सोराबजींना सनद दिली आणि १९२३ च्या कायद्याने स्त्रियांवरची ही बंदी देशभर उठली. विजयालक्ष्मीच्या अपिलाचा निकाल देणाऱ्या मुंबई उच्च न्यायालयात पहिल्या महिला न्यायाधीश, सुजाता मनोहर, १९७८ मध्ये आल्या.

ताराबाईंचे निधन १९१० च्या सुमारास झाले. 'स्त्रीपुरुष तुलना' हे त्यांचे एकमेव पुस्तक. त्यानंतर त्यांनी पुन्हा पुस्तक लिहिले नाही आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासालाही त्यांचा विसर पडला. आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून साजऱ्या झालेल्या १९७५ मध्ये ज्येष्ठ संशोधक डॉ. स. गं. मालशे यांनी हे पुस्तक संपादित करून पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा त्र्याण्णव वर्षांनी ते नव्या वाचकांच्या हाती पडले. १९९४ मध्ये इतिहासकार रोझालिंड ओहॅन्लन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि जगभरच्या विद्यापीठांत ते अभ्यासले जाऊ लागले. भारतीय स्त्रीवादी विचाराच्या आरंभीच्या ग्रंथांत आज त्याची गणना होते.

जिजाऊंच्या सिंदखेडराजामुळे बुलडाणा जिल्हा महाराष्ट्राला ठाऊक आहे. याच जिल्ह्यातील ताराबाईंच्या वाट्याला ती ओळख फार उशिरा आली. ज्या दंडविधानाखाली विजयालक्ष्मीला शिक्षा झाली, त्यातील व्यभिचाराचे ४९७ वे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविले. पत्नी ही पतीची मालमत्ता नाही, हे सांगण्यास देशाच्या न्यायसंस्थेला दीडशेहून अधिक वर्षे लागली. १८८२ मध्ये बुलडाण्यातल्या घरात बसून, कायद्याचे एकही पुस्तक हाताशी न घेता, ताराबाई तोच मुद्दा मांडत होत्या. अर्भकाच्या हत्येची बातमी आजही अधूनमधून वृत्तपत्रांत येते. त्या बातमीत आई असते, पोलीस असतात, कलमे असतात. बापाचा उल्लेख असतोच असे नाही. तोवर 'स्त्रीपुरुष तुलना' हे जुने पुस्तक म्हणून कपाटात ठेवून देता येणार नाही.