जेम्स हार्डी

जेम्स डॅनियल हार्डी (१४ मे, १९१८ – १९ फेब्रुवारी, २००३) हे अमेरिकन शल्यचिकित्सक होते. मानवी फुप्फुसाचे जगातील पहिले प्रत्यारोपण त्यांनी १९६३ साली केले.

जीवन

हार्डी यांचा जन्म अमेरिकेतील अलाबामा राज्यात झाला. १९४२ साली त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्याच्या वैद्यकीय सेवेत होते. १९५५ मध्ये जॅक्सन येथील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ते शल्यचिकित्सा विभागाचे पहिले प्रमुख झाले आणि १९८७ मध्ये तेथूनच निवृत्त झाले.

फुप्फुस प्रत्यारोपण

कुत्र्यांवर शेकडो प्रयोग केल्यानंतर ११ जून, १९६३ रोजी हार्डी यांनी ५८ वर्षांच्या एका रुग्णाच्या शरीरात डावे फुप्फुस बसवले. रुग्णाला कर्करोगासह मूत्रपिंडाचाही विकार होता. नवे फुप्फुस काम करू लागले. परंतु अठराव्या दिवशी मूत्रपिंडे निकामी होऊन रुग्ण दगावला. हा रुग्ण खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणारा कैदी असल्याने त्याची संमती कितपत मुक्त होती, हा प्रश्न उपस्थित झाला.

जानेवारी १९६४ मध्ये हार्डी यांनी मरणासन्न रुग्णाला चिंपांझीचे हृदय बसवले. ते फार वेळ टिकले नाही. संमतिपत्रात प्राण्याच्या हृदयाचा उल्लेख नव्हता. या शस्त्रक्रियेवर कठोर टीका झाली.

श्वसनीच्या जोडाची समस्या

हार्डी यांच्यानंतरच्या सुमारे वीस वर्षांत जगभर चाळीसच्या आसपास फुप्फुस प्रत्यारोपणे झाली. मात्र एकही रुग्ण दीर्घकाळ जगला नाही. जंतुसंसर्ग आणि अवयव नाकारला जाणे यांबरोबरच श्वसनीचा जोड उसवणे हे त्याचे मोठे कारण होते. श्वसनीच्या भिंतीला स्वतंत्र, बारीक धमन्यांतून रक्त मिळते. प्रत्यारोपणात या धमन्या तुटतात आणि सहसा पुन्हा जोडल्या जात नाहीत. त्यामुळे जोडाजवळच्या ऊतीला फुप्फुसातून उलट दिशेने येणाऱ्या तुटपुंज्या रक्तावर अवलंबून राहावे लागते. रक्त अपुरे पडल्यास ऊती मरतात, जोड सुटतो किंवा पुढे व्रण आकसून श्वासमार्ग अरुंद होतो. अवयव नाकारला जाऊ नये म्हणून दिलेल्या स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेमुळे जखम भरण्यासही विलंब होत असे.

कॅनडातील टोरांटो येथे जोएल कूपर यांच्या पथकाने जोडाभोवती पोटातील रक्तवाहिन्यायुक्त चरबीचा पडदा गुंडाळला, सुरुवातीला स्टेरॉइड टाळले आणि सायक्लोस्पोरिन या नव्या औषधाचा आधार घेतला. १९८३ मध्ये तेथे प्रत्यारोपण झालेला रुग्ण सहा वर्षांहून अधिक जगला. पुढे श्वसनीचा तुकडा आखूड ठेवण्यासारख्या सुधारणांमुळे हा पडदा वापरण्याची गरज उरली नाही. तरीही श्वासमार्ग अरुंद होण्याची गुंतागुंत पूर्णपणे नाहीशी झालेली नाही. अशा वेळी दुर्बिणीच्या साहाय्याने मार्ग रुंद करतात किंवा त्यात आधारनळी बसवतात.

महत्त्व

हार्डी यांचा रुग्ण वाचला नाही. परंतु प्रत्यारोपित फुप्फुस मानवी शरीरात श्वसनाचे कार्य करू शकते, हे त्या अठरा दिवसांत सिद्ध झाले.